फुकटच्या मैफलीत लोक गप्पा मारतात, तिकीट लावू का?

वाचकाचं पत्र (थोडं छोटं करून):

नमस्कार. आमच्या एरियातल्या पार्कमध्ये आम्ही काही जण मिळून महिन्यातून एकदा संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम करतो. सगळ्यांना फुकट, कोणीही या आणि बसा. सुरुवातीला खूप मजा आली, गर्दी पण वाढत गेली. पण आता मागे बसलेले लोक नुसत्या गप्पा हाणतात, मुलं स्टेजसमोर पळतात, लोक मधेच उठून जातात. गेल्या वेळी एक सीनियर गायिका गाणं अर्धवट सोडून उठल्या, म्हणाल्या ही ऐकायला आलेली माणसं नाहीत. मागचे ओरडतात आवाज वाढवा, समोरच्या बिल्डिंगमधले एक आजोबा दर वेळी खाली येऊन सांगतात आवाज कमी करा. ग्रुपमधले एक काका म्हणतात तिकीट लावा, फुकट मिळालं की लोकांना किंमत नसते. कलाकारांना आम्ही मानधन देत नाही कारण आम्ही पण कोणी काही घेत नाही. हे सगळं मीच सुरू केलं आणि आता मलाच नकोसं झालंय. तिकीट लावू की बंदच करून टाकू?
– एक वैतागलेली आयोजक

उत्तर:

ताई, तिकीट लावू नका आणि बंदही करू नका. तुमच्या पत्रात चारपाच तक्रारी आहेत असं तुम्हाला वाटतंय, पण मला ते वाचताना सारखं वाटत होतं की यातल्या निम्म्या तक्रारी एकाच जागेवरून येतायत आणि ती जागा म्हणजे तुमचे स्टेजच्या दोन बाजूंना ठेवलेले दोन मोठे स्पीकर. (तुम्ही लिहिलं नाहीये, पण दोनच असणार, आणि बहुतेक जमिनीवर नाहीतर टेबलावर. पैज लावायला तयार आहे.)

आधी गप्पांचं बोलू, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागलंय. मागचे लोक गप्पा मारतात कारण त्यांना ऐकू येत नाही. उद्धट आहेत म्हणून नाही, फुकट आहे म्हणूनही नाही. हॉलमध्ये भिंती आणि छत असतं, आवाज त्यांच्यावर आपटून परत येतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. मोकळ्या जागेत परत यायला काहीच नाही, आवाज गेला की गेला. छोट्या स्पीकरपासून अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने पडतो. म्हणजे बघा, स्पीकरपासून 5 मीटरवर 90 डेसिबल असेल तर 10 मीटरवर 84, 20 वर 78 आणि 40 मीटरवर 72. आता शेजारी बसलेला माणूस नॉर्मल बोलतो तेव्हा एक मीटरवर त्याचा आवाज 60 च्या आसपास असतो, चारपाच जण बोलायला लागले की त्याहून वर. आणि 72 हा गाण्याचा भरलेला आवाज झाला, हळू जागा आल्या, आलाप आला, की तो शेजारच्याच्या बोलण्याइतका किंवा त्याच्याही खाली जाणार. मग तो मागचा माणूस काय करणार, ऐकू येत नाहीये तर बोलणार, तो बोलला की त्याच्या मागच्याला अजूनच ऐकू येत नाही, म्हणून तोही बोलणार. मग कोणीतरी ओरडतं आवाज वाढवा, साउंडवाला वाढवतो, पुढच्या रांगेतल्यांचे कान फुटतात, ते उठतात, तुम्हाला वाटतं कार्यक्रम आवडला नाही, आणि तिकडे आजोबा चप्पल घालून खाली यायला निघतात.

तिकीट लावून यातलं काय बदलेल सांगा? पैसे देऊन आलेल्या माणसालाही चाळीस मीटरवर 72 च मिळणार. वर तो भांडेल.

तर उपाय असा की मोठे दोन कमी करा आणि छोटे जास्त लावा. पुढे दोन, आणि मग साधारण मधल्या भागात दोन, प्रेक्षक अजून लांबपर्यंत असतील तर आणखी दोन. प्रत्येकाला फक्त आपल्या आजूबाजूच्या लोकांपर्यंतच पोचायचंय त्यामुळे प्रत्येकाचा व्हॉल्यूम कमी ठेवता येतो. शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये 2004 साली प्रिट्झकर पॅव्हिलियन नावाचं उघड्यावरच्या मैफलींचं स्टेज सुरू झालं, आर्किटेक्ट फ्रँक गेहरीचं डिझाइन, त्याच्या लॉनवर स्टीलच्या पाइपांची भलीमोठी जाळी आहे. लोकांना वाटतं ती शोभेची आहे, पण ती मुख्यतः स्पीकर टांगायला आहे, म्हणजे लॉनवर खांब रोवायला नकोत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर थोडाथोडा आवाज येईल. तुम्हाला जाळी परवडणार नाही, स्टँड परवडतील.

यात एक ग्यानबाची मेख आहे ती साउंडवाल्याला आधीच विचारा: "मागच्या स्पीकरला डिले देता येईल का?" आवाजाचा वेग 20 अंश तापमानाला सेकंदाला साधारण 343 मीटर, म्हणजे मीटरमागे 3 मिलिसेकंद. तीस मीटर मागे ठेवलेल्या स्पीकरमधून गाणं लगेच वाजलं आणि स्टेजवरचं तिथे 87 मिलिसेकंद उशिरा पोचलं तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि सगळा चिखल होतो. म्हणून मागच्या स्पीकरला तेवढाच उशीर द्यायचा, वर दहापंधरा मिलिसेकंद जास्तच, मग कानाला वाटतं की आवाज स्टेजवरूनच येतोय. आजकाल साध्या डिजिटल मिक्सरवर पण ही सोय असते. साउंडवाला "त्याची काही गरज नसते" म्हणाला तर दुसरा साउंडवाला बघा, खरंच सांगते.

आणि स्पीकर उंच करा. हे फुकटात होणारं काम आहे आणि कोणी करत नाही. स्पीकर छातीच्या उंचीवर असला की पहिल्या तीन रांगांमधली माणसं त्यातला बारीक आवाज शोषून घेतात, स, श, ट, क हे सगळे मागे पोचतच नाहीत, मागे फक्त बुंगबुंग पोचतं, म्हणजे आवाज आहे पण शब्द नाहीत. स्पीकर डोक्यांच्या वर, दोन सव्वादोन मीटरवर घ्या आणि तोंड किंचित खाली झुकवा, मागच्या रांगेकडे. साउंड चेकच्या वेळी एकाला माईकवर उभं करून गाण्याऐवजी नुसते आकडे आणि माणसांची नावं वाचायला लावा आणि तुम्ही स्वतः शेवटच्या झाडापर्यंत चालत जा. नाव कळलं का? "सतीश" ऐकू आलं की "अतीई"? मधे थांबून डावीकडे उजवीकडे पण जाऊन या. जिथे शब्द विरायला लागतात तिथे पुढचा स्पीकर हवा, इतकं सोपं आहे. मोबाइलमधलं डेसिबल ॲप अगदी अचूक नसतं पण पुढे किती आणि मागे किती हा फरक बघायला चालतं. रिकाम्या पार्कमध्ये चेक केलेला आवाज माणसं भरल्यावर थोडा दबतो हे धरून चाला.

आता आजोबा. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त कोण आवडलं असेल तर ते. दर वेळी खाली येऊन स्वतः सांगतात, परस्पर तक्रार टाकत नाहीत, असा शेजारी मिळायला नशीब लागतं. आणि त्यांचं बरोबर असू शकतं बरं का, तुम्हाला पार्कमध्ये उभं राहून आवाज जास्त वाटत नसला तरी. दिवसा जमीन तापलेली असते, खालची हवा गरम आणि वरची गार, अशा वेळी आवाज वरच्या बाजूला वाकतो आणि लांबच्या माणसाला कमी ऐकू येतो. सूर्य मावळला, आकाश निरभ्र असलं, वारा पडला, की जमीन भराभर गार होते, खालची हवा गार आणि वरची तुलनेने गरम, आणि आवाज परत खाली वाकतो. म्हणजे पाच वाजता साउंड चेकला जो आवाज त्यांच्या खिडकीत अगदी बारीक होता तोच आवाज, त्याच व्हॉल्यूमला, साडेसात-आठला घरात शिरतो. वाऱ्याची दिशा त्यांच्याकडे असली तर अजूनच.

शिवाय लांब जातो तो बेस. बारीक आवाज हवेत, झाडांत, काचेत अडतो, ढोलाचा आणि बेस गिटारचा धमधम बंद खिडकीतून पण येतो आणि तोच माणसाला वेड लावतो. तुमच्या कार्यक्रमाला सबवूफरची, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या स्पीकरची, खरंच गरज आहे का? गाणं, पेटी, तबला, गिटार एवढंच असेल तर काढून टाका. माईकवर 100 हर्ट्झच्या खालचा खर्जातला आवाज कापायला सांगा, गळ्यातून त्याच्या खाली तसंही फारसं काही येत नाही, वाऱ्याची फरफर आणि स्टँडला लागलेला धक्का तेवढा येतो. आणि स्टेजची दिशा बघा. तुमचे स्पीकर आजोबांच्या बिल्डिंगकडे तोंड करून असतील तर स्टेजच उलटा फिरवा, पाठ जवळच्या घरांकडे आणि तोंड पार्कच्या लांब बाजूला. फक्त फिरवताना सूर्य कुठे मावळतो ते बघून घ्या, प्रेक्षकांचं तोंड पश्चिमेला आलं तर ते तासभर कपाळावर हात धरून बसतील, आणि कलाकाराचं पश्चिमेला आलं तर त्याच्या डोळ्यात ऊन आणि वाद्यांची वाट. तंतुवाद्यं उन्हात सुरात राहत नाहीत, चामड्याची दमट हवेत उतरतात, मग दर गाण्याआधी पाच मिनिटं लावालाव, आणि त्या पाच मिनिटांत प्रेक्षक सुटतात. शक्यतो उत्तर-दक्षिण मांडणी करा.

पुढच्या साउंड चेकला ग्रुपमधल्या एकाला आजोबांच्या गॅलरीत उभं करा, त्यांच्या परवानगीने, आणि फोनवर बोलत बोलत आवाज सेट करा. त्यांच्याकडे वर्षाच्या तारखा, सुरू व्हायची वेळ, संपायची वेळ आणि कार्यक्रम चालू असताना उचलला जाईल असा एक फोन नंबर देऊन ठेवा. संपायची वेळ म्हणजे संपायची वेळ, "एक शेवटचं" नको. तुमच्या भागातला लाउडस्पीकरचा नियम काय असेल तो असेल, तुम्ही त्याच्या अर्धा तास आधी संपवा. ज्याला माहितीय की साडेआठला बंद होणार तो आठला चिडत नाही, ज्याला माहीत नसतं तो सातलाच चिडायला सुरुवात करतो.

मुलं आणि येणारेजाणारे. यावर माझं मत जरा वेगळं आहे आणि काकांना ते आवडणार नाही. पार्क हा हॉल नाही, तिथे माणसं तुमच्यासाठी आलेली नसतात, ती पार्कमध्ये आलेली असतात आणि गाणं त्यांना सापडतं. कोणी कुत्रा घेऊन आलंय, कोणी ऑफिसमधून घरी चाललंय, कोणाच्या कडेवर पोर आहे, ती माणसं दोन गाणी ऐकून जाणारच आणि त्यात अपमान कसला? अठराव्या शतकातल्या लंडनच्या वॉक्सहॉल गार्डन्समध्ये मधोमध वादकांसाठी बांधलेली जागा होती आणि लोक तिच्याभोवती फिरत, खात, गप्पा मारत संगीत ऐकायचे, म्हणजे हे फार जुनं आहे, आणि तिथे तर आत जायला पैसे पडायचे, काकांना सांगा! ज्याला हॉलचं तिकीट कधीच काढायचं नाहीये तो माणूस जाताजाता अडकतो, हीच तर फुकटच्या कार्यक्रमातली गंमत आहे. तिकीट लावलं, दोरी बांधली, की नेमका तोच बाहेर.

पण ज्याला खरंच ऐकायचंय त्याला जागा हवी हेही खरं. प्रिट्झकरमध्ये समोर 4000 खुर्च्या आहेत आणि मागे 7000 माणसांचं लॉन आहे, तेच तुम्ही छोट्या प्रमाणात करा. स्टेजसमोर सतरंज्यांचा एक भाग, बसून ऐकणाऱ्यांचा, तिथे कोण बसणार हे सांगायला पाटी पण नको, सतरंजी दिसली की माणसं आपोआप सांभाळून वागतात. मागे गवत, उभे राहा, बोला, जा. मुलांना एका बाजूला जागा द्या, स्टेजच्या तिरक्या, जिथून दिसतं पण कोणाच्या आडवं जात नाही, आणि पहिली दहा मिनिटं सरळ त्यांच्यासाठी ठेवा, वादकाने वाद्य दाखवायचं, वाजवून बघू द्यायचं. नाचतील तर नाचू द्या. वायरी मात्र जाण्यायेण्याच्या वाटेवरून नेऊ नका, न्याव्याच लागल्या तर वर रबरी मॅट टाका, चिकटपट्टी दवाने सुटते. ओल्या गवतावर वीज वापरताय तर लाइन 30 मिलिॲम्पिअरच्या अर्थ लीकेज ब्रेकरमधून (वीज गळायला लागली की लाइन आपोआप तोडणारा स्विच) घ्या, यात काटकसर नको.

आता त्या गायिका. त्यांची बाजू मला पूर्ण कळते, त्यांना तुम्ही चुकीच्या जागी बसवलं. जो आवाज हळू जागांवर उभा आहे, जिथे एका सुरावर थांबणं हेच गाणं आहे, ते उघड्यावर सहाला, मुलं खेळत असताना, दोन स्पीकरवर चालत नाही, कोणाचंच चालणार नाही. उघड्यावर चालतं ते लय असलेलं, ओळखीचं, छोट्या तुकड्यांचं, लोकांना टाळी देता येईल असं. समूहगान चालतं, ब्रास बँड चालतो, ढोलकी चालते. आणि क्रम उलटा ठेवा, आधी मोठं आणि दमदार, जे वाटेवरच्यांना ओढून आणतं, आणि उजेड कमी होत गेला, पोरं घरी गेली, की मग शांत. फक्त त्या शांत अर्ध्या तासात माईकचा मोह कमी ठेवा, उजेड कमी तशी हवा आवाज लांब नेते हे वर सांगितलंच आहे.

त्यांना फोन करा, मेसेज नको. सफाई देऊ नका, लोक कसे वाईट हेही सांगू नका. एवढंच विचारा की पार्कच्या आतल्या कोपऱ्यात, एखाद्या भिंतीला पाठ देऊन, पन्नासेक माणसांसमोर, नावापुरत्या छोट्या स्पीकरवर सकाळी लवकर गाल का? पाठीमागे भिंत असली की आवाज पुढे येतो, मोठमोठ्या पार्कमध्ये स्टेजला शिंपल्यासारखी कमान करतात ती त्याचसाठी. सकाळी वारा कमी, मुलं कमी, आणि जे उठून येतील ते ऐकायलाच आलेले असतील. हो म्हणतील की नाही माहीत नाही, पण विचारलेलं त्यांना कळेल.

आणि हो, मानधन द्या. इथे मी तुमच्याशी भांडणार आहे. "आम्ही पण काही घेत नाही" हे वाक्य ऐकायला छान आहे पण ते तुमचं आणि त्यांचं एक नाही, तुम्ही हौस म्हणून करताय आणि गाणं हा त्यांचा धंदा आहे. साउंडवाल्याला पैसे देताच ना? मांडववाल्याला? मग ज्याच्यामुळे लोक जमतात तोच एकटा फुकट कसा? शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये 1935 साली फुकट मैफली सुरू झाल्या त्या कशासाठी, तर महामंदीत वादकांची कामं गेली होती आणि त्यांना काम मिळावं म्हणून तिथल्या वादकांच्या युनियनचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी तो आग्रह धरला. अमेरिकेतच 1948 मध्ये रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांच्या युनियनच्या करारातून एक फंड उभा राहिला, काम काय तर लोकांसाठीच्या फुकट कार्यक्रमात वाजवणाऱ्यांना पैसे देणं. म्हणजे फुकट हा शब्द ऐकणाऱ्यापुरता आहे, वाजवणाऱ्याला तो लावायचा नसतो.

पैसे कुठून आणायचे? काकांना द्या हे काम, त्यांना पैशाचा विषय काढायचाच आहे. एक डबा आणि एक क्यूआर कोड, मध्यंतरात एकदाच, आणि माईकवरून नुसतं "मदत करा" नाही तर आजच्या कलाकारांचं मानधन इतकं आहे, इतके जमलेत, असं आकड्यात सांगायचं. आकडा सांगितला की लोक देतात, नुसतं भावनेला हात घातला की लोक मोबाइल बघतात. बाकीसाठी एखादा स्पॉन्सर, पण त्याचा बॅनर स्टेजमागे ताणून बांधू नका, वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो आणि फ्रेम घेऊन पडतो. कमी पडले तर महिन्याऐवजी दोन महिन्यांनी कार्यक्रम करा. वर्षाला सहा आणि सगळ्यांना पैसे, हे बाराहून कधीही चांगलं, आणि तुमचाही जीव जरा मोकळा होईल, जे मला वाटतं तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत खरं तर विचारलंय.

एक कागदी भानगड: कार्यक्रम फुकट आहे म्हणजे दुसऱ्यांची गाणी गायला परवानगी लागत नाही असं धरू नका. काही देशांच्या कायद्यात फुकट कार्यक्रमाला सूट असते पण ती कलाकाराला मानधन दिलं की जाते, म्हणून तुमच्याकडे काय आहे ते मानधन सुरू करायच्या आधी नीट विचारून घ्या. पार्कच्या परवानगीच्या अर्जात पण लाउडस्पीकर, जनरेटर आणि अंदाजे माणसं हे खरं लिहा. पावसाचा निर्णय कोण घेणार ते आधी ठरवा, एकच माणूस, आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की थांबवायचंच, शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्याशिवाय परत सुरू नाही, कितीही लोक ओरडले तरी.

पुढच्या कार्यक्रमाच्या आधी मला पार्कचा एक कच्चा नकाशा काढून पाठवा, हाताने चालेल. उत्तर कुठे, आजोबांची बिल्डिंग कुठे, विजेचा पॉइंट कुठे, आणि लोक साधारण कुठवर बसतात ते पावलांत मोजून. स्पीकर कुठे ठेवायचे ते त्यावर खुणा करून परत पाठवते.